दोन बिल्ल्यांमधलं मनगट

“मॅडम, आत एकच पक्ष गेला तर तो एक्सरे आम्हाला मान्य होणार नाही.”

सोनोग्राफीच्या खोलीतून मी हाताची जेली पुसत बाहेर आले आणि हे वाक्य कानावर पडलं. बोलणारे गृहस्थ सत्तरीचे. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांच्या एका बाजूला सहा-सात माणसं, दुसऱ्या बाजूला तेवढीच. मधे चाळिशीचा एक माणूस उजवं मनगट डाव्या हातात धरून उभा होता. मनगट दुखण्यापेक्षा त्याला लाजच जास्त वाटत असावी, असा चेहरा.

आमची एक्सरे टेक्निशियन रेश्मा वैतागलेली होती. “मॅडम, मी सांगून सांगून दमले. एक्सरे रूममध्ये पेशंट सोडून कोणी नाही. हे ऐकतच नाहीत. बोलतात, दोन साक्षीदार पाहिजेत.”

“साक्षीदार? इथे काय लग्न लावायचंय?” मी म्हणाले.

“लग्न असतं तर एवढा वाद झाला नसता,” पांढरा शर्ट गंभीरपणे म्हणाला. “कॅरमची फायनल आहे.”

मी रेडिओलॉजिस्ट आहे. म्हणजे एक्सरे, सोनोग्राफी, सीटी यांत काय दिसतंय ते बघून लिहून देणारी डॉक्टर. एक्सरे काढतो टेक्निशियन, वाचतो रेडिओलॉजिस्ट आणि नाव होतं हाडांच्या डॉक्टरचं. परळ आणि लालबागच्या मधे आमचं सेंटर आहे. वीसेक वर्षं मी तिथे काळ्या-पांढऱ्या चित्रांसमोर बसून आहे. लोक विचारतात, कंटाळा येत नाही का? नाही येत. हाडं गप्प असतात. डोकं उठवतात ती हाडांसोबत आलेली माणसं.

पांढऱ्या शर्टाचं नाव गायकवाडकाका. भोईवाडा कोर्टात बेंच क्लार्क होते, आता रिटायर. आयुष्यभर जजसाहेबांच्या पुढ्यात बसून पुकारा केल्यामुळे घरी चहा मागितला तरी तो अर्ज केल्यासारखा वाटत असणार. ते या स्पर्धेचे पंच होते. त्यांनी मला प्रकरण समजावून सांगितलं.

जवळच्याच एका गल्लीत समोरासमोर दोन चाळी आहेत. एकीच्या अंगणात विहीर, म्हणून ती विहीरवाली. दुसरीच्या दारात पिंपळ, म्हणून ती पिंपळवाली. दोघींची दरवर्षी कॅरमची स्पर्धा होते आणि फायनलला अख्खी गल्ली लोटते. फायनल रविवारी होती. आज गुरुवार. विहीरवाल्यांचा हुकमी खेळाडू सुनील परब सकाळी चाळीच्या पॅसेजमध्ये पाय घसरून पडला होता आणि पडताना त्याने हात टेकला होता.

“कशावरून घसरला?” मी विचारलं.

“कॅरमच्या पावडरीवरून,” सुनील खाली बघत म्हणाला. “प्रॅक्टिस करताना माझ्याच हातून डबा सांडला होता.”

पिंपळवाल्यांपैकी दोघं फिसकन हसले.

“आता मुद्दा असा,” गायकवाडकाका म्हणाले, “मागे एकदा एका खेळाडूला फायनलच्या सकाळी ताप आला. फायनल पुढे ढकलली. संध्याकाळी तो गाडीवर भजी खाताना सापडला. तेव्हापासून नियम केला. ताप, पोटदुखी, चक्कर काहीही चालणार नाही. कारण त्याला पुरावा नसतो. स्पर्धेत नाव नोंदवलेल्या कुठल्याही खेळाडूचं हाड मोडल्याचं एक्सरेने सिद्ध झाल्यास हाडाचा निकाल लागेपर्यंत फायनल पुढे ढकलण्यात येईल. अन्यथा जो संघ उतरणार नाही तो हरला. एक्सरे खोटं बोलत नाही, मॅडम.”

“आणि ह्याचं काही मोडलेलं नाही,” पिंपळवाल्यांच्या पुढे उभा असलेला माणूस म्हणाला. साठीचा, उंच, मिशा रंगवलेल्या. “घाबरलाय. दुसरं काय!”

हे दत्ताराम सावंत, पिंपळवाल्यांचे कॅप्टन. एकेकाळी स्वतः मोठे खेळाडू. आता खेळत नाहीत, पण राखीव खेळाडूंत त्यांचं नाव दरवर्षी मानाने घालतात. सगळे त्यांना दत्तारामभाऊ म्हणतात. त्यांनी मला नमस्कार केला. नमस्कार जरा वाकडा वाटला. मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

“कोण घाबरलंय?” सुनील उसळला. “एक्सरे-बिक्सरे काही नको. रविवारी बसतो बोर्डावर. चला घरी.”

“गप रवा जरा!” त्याच्या मागून एक बाई पुढे आली. ही त्याची बायको, संजना. “सकाळपासून ह्यांना चहाचा कप उचलता येत नाही, मॅडम. आणि म्हणे बोर्डावर बसतो! दातांच्या कवळ्या बनवतात हे लॅबमध्ये. सगळं काम बोटांचं नि मनगटाचं. उद्या हात गेला तर ह्यांची ती बक्षिसाची ढाल काय घरी येऊन भाजी चिरणार आहे?”

मला ही बाई एकदम आवडली. त्या सगळ्या गर्दीत फायनलपेक्षा मोठं काहीतरी पणाला लागलंय हे फक्त तिला कळलं होतं.

मी गायकवाडकाकांना सांगितलं की किरणं काही तीर्थप्रसाद नाहीत, सगळ्यांनी घ्यायला. एक्सरे रूममध्ये पेशंट एकटाच जाईल. शिशाच्या काचेमागे रेश्मा जिथे उभी राहते तिथे दोन्ही बाजूंचा एकेक माणूस उभा राहील. तोंड बंद ठेवून. काकांनी यावर दोन्ही पक्षांची संमती घेतली.

मग दत्तारामभाऊंना नवी शंका आली. “कॉम्प्युटरवर हाड दिसणार. ते ह्याचंच कशावरून? आतमध्ये आधीच कोणाचातरी मोडका हात साठवून ठेवलेला असेल तर?”

रेश्मा म्हणाली, “हां काका, आम्ही फ्रीजमध्ये ठेवतो ना मोडके हात.”

दत्तारामभाऊंनी शर्टाला लावलेला चाळीच्या मंडळाचा, पिंपळ कोरलेला पितळी बिल्ला काढला. “हा त्याच्या हाताशेजारी ठेवा. एक्सरेत आमचा बिल्ला दिसला तर मान्य.”

“मग आमचा पण बिल्ला ठेवा!” विहीरवाले ओरडले.

मी कपाळावर हात मारून घेतला. पण खरं सांगायचं तर कल्पना वाईट नव्हती. आम्हीही हाताशेजारी शिशाचं अक्षर ठेवतो, उजव्यासाठी आर आणि डाव्यासाठी एल, म्हणजे पुढे घोळ होत नाही. धातू एक्सरेत पांढरा शुभ्र दिसतो. बिल्ले मनगटापासून नीट लांब ठेवायचे, एवढीच माझी अट होती. रेश्माने एका बाजूला पिंपळ आणि दुसऱ्या बाजूला विहीर ठेवली. मधे बिचारं सुनीलचं मनगट. वेगवेगळ्या कोनांतून तिने चार एक्सरे काढले.

मी स्क्रीनसमोर बसले. फ्रॅक्चर शोधायची रीत साधी आहे. मूल पाटीवरचं अक्षर गिरवतं, तशी प्रत्येक हाडाची कडा नजरेने गिरवायची. कुठे पायरी दिसते का, रेघ तुटते का, बारीक काळी फट आहे का, ते बघायचं. मनगटात छोटी छोटी आठ हाडं असतात. त्यांतलं अंगठ्याच्या बाजूचं एक आम्हाला कायम छळतं. त्याचं नाव स्कॅफॉइड. आकाराने काजूसारखं. हात टेकून पडलं की बहुतेक वेळा सगळा भार याच्यावर येतो.

मी काजू चारही बाजूंनी गिरवला. अखंड. फट नाही, पायरी नाही. दोन्ही बिल्ले मात्र इतके सुंदर आले होते की पिंपळाची पानं मोजता आली असती.

अशा वेळी आम्ही रेडिओलॉजिस्ट मंडळी एक ठरावीक वाक्य लिहितो. फ्रॅक्चर दिसत नाही, कृपया क्लिनिकल कोरिलेशन करावे. मराठीत सांगायचं तर मला काही दिसलं नाही, पेशंटला तपासून काय ते तुम्हीच ठरवा. हे वाक्य लिहिलं की आम्ही सुटतो आणि जेवायला जातो. मीही ते टाइप केलं. पण काचेतून संजना दिसत होती. ती माझ्याकडेच बघत होती. मी ते वाक्य तसंच ठेवून बाहेर आले.

“अंगठा ताठ कर बघू, सुनील.”

अंगठा वर ताणला की त्याच्या मुळाशी, मनगटापाशी एक खळगा पडतो. तुम्ही आत्ता करून बघा, तुम्हालाही दिसेल. पूर्वी लोक त्यात चिमूटभर तपकीर ठेवून ओढायचे. त्या खळग्याच्या तळाशी स्कॅफॉइड असतं. मी तिथे बोटाने दाबलं.

सुनील असा ओरडला की सोनोग्राफीसाठी पाणी पिऊन बसलेल्या एक चव्हाणबाई खुर्चीतून उठल्याच. “अहो डॉक्टर, जरा हळू! माझं पोट फुटायला आलंय आधीच.”

मी दुसऱ्या हाताचा खळगा दाबला. काही नाही. परत उजवा दाबला. परत बोंब.

“नाटक!” दत्तारामभाऊ म्हणाले.

गायकवाडकाका पुढे आले. “मॅडम, एक्सरे काय म्हणतो?”

“एक्सरेत फ्रॅक्चर दिसत नाही.”

पिंपळवाल्यांनी टाळ्या पिटल्या.

“पण फ्रॅक्चर असू शकतं,” मी म्हणाले.

टाळ्या थांबल्या.

“म्हणजे आहे की नाही?”

“आज सांगता येत नाही. या हाडाचं हेच दुखणं आहे. बारीक चीर गेली असेल तर पहिल्या दिवशी एक्सरेत दिसतच नाही. मग शरीर चिरेच्या कडा थोड्या विरघळवतं, फट रुंद होते आणि दहा-बारा दिवसांनी रेघ उमटते. तोपर्यंत मोडलंय असं धरून चालायचं आणि प्लास्टर घालायचं.”

“मोडलंय असं धरून?” काकांचा चेहरा पडला. “असं धरून कसं चालेल? गुन्हा सिद्ध व्हायच्या आधी शिक्षा?”

“प्लास्टर ही शिक्षा नाही हो काका! या हाडाला रक्त एका टोकाकडूनच मिळतं. मधे तुटलं आणि हलत राहिलं, तर दुसरा अर्धा भाग उपाशी मरतो. मेलेलं हाड परत जिवंत होत नाही. मग मनगट जन्माचं गेलं. रविवारी हा बोर्डावर बसला आणि आत चीर असली, तर पुढच्या वर्षी कवळी सोडा, याला शर्टाचं बटण लावता येणार नाही. घाई असेल तर एमआरआय करा. त्यात लगेच कळतं.”

काकांनी क्षणभर डोळे मिटले. नियम आठवत होते. “नियमात एमआरआय हा शब्द नाही,” ते म्हणाले.

“नसू दे! घाला तो शब्द!”

“स्पर्धा चालू असताना नियम बदलता येत नाही. फक्त एक्सरे.” काकांनाही वाईट वाटत होतं, पण त्यांचा नाइलाज होता. मग त्यांना तोडगा सुचला. “पुरावा कुठल्याच बाजूला झुकत नसेल तर सभेचं मत घेऊ. हाड मोडलंय असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा.”

मी तोंड उघडायच्या आत मतदान सुरूही झालं. विहीरवाल्यांचे सगळे हात वर. पिंपळवाले हाताची घडी घालून उभे. चव्हाणबाईंनी हात वर केला. कोपऱ्यात छातीच्या एक्सरेला आलेल्या एका आजोबांनीही केला.

“तुम्ही कुठल्या चाळीचे?” काकांनी विचारलं.

“मी भायखळ्याचा. पण पोरगा ओरडला तो खरा ओरडला.”

“बाहेरच्यांना मताधिकार नाही. आता, मोडलेलं नाही असं वाटणाऱ्यांनी हात वर करा.”

पिंपळवाल्यांचे हात वर झाले. आणि त्यांच्या सोबत सुनील परबचा डावा हात.

“अरे मेल्या!” विहीरवाल्यांपैकी कोणीतरी किंचाळलं.

“मला कोणी घाबरट म्हटलेलं चालणार नाही,” सुनील म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. “रविवारी मी खेळणार. प्लास्टर घालणार नाही.”

संजना खाली बसली.

त्याच्या एका मतामुळे पिंपळवाले जिंकले. ज्या हाडाचा निकाल मला लावता येत नव्हता, तो हात वर करून लागला होता. वीस वर्षांच्या नोकरीत मी हे कधी बघितलं नव्हतं आणि देव करो, परत बघायला लागू नये.

दत्तारामभाऊ खुशीत आले. त्यांनी सुनीलच्या पाठीवर थाप मारली. “शाब्बास! याला म्हणतात खेळाडू. अरे, मी पण पडलो होतो. तुझ्यापेक्षा लहान होतो तेव्हा. शिवडीला गोदामात माल उतरवताना थप्पीवरून पडलो, असाच हात टेकून. एक्सरे काढला. नॉर्मल! दुसऱ्या दिवशी फायनल जिंकली. ह्याच हाताने!”

हे म्हणताना त्यांनी उजवा हात वर केला. पण सुनीलच्या पाठीवर थाप मारली होती ती डाव्या हाताने. बिल्ला काढला होता तोही डाव्याने. आणि मला तो मघाचा वाकडा नमस्कार आठवला.

“दत्तारामभाऊ,” मी म्हणाले, “परत एकदा नमस्कार करा.”

“कशाला?”

“करा हो. मोठ्यांनी नमस्कार केला तर माझं पाप वाढेल, तुमचं काही जाणार नाही.”

त्यांनी हसत हात जोडले. नीट नमस्कारात दोन्ही तळवे चिकटतात आणि कोपरं सारखी बाहेर येतात. यांचं डावं कोपर वर आलं होतं, उजवं पोटाला चिकटून खालीच. उजवं मनगट मागे वाकतच नव्हतं.

“हात दुखतो?”

“वात आहे. बायको रोज तेल लावते. वयाचा भाग.”

“डाव्या हाताचं वय वेगळं आहे का?”

मी त्यांचा खळगा दाबला. ते ओरडले नाहीत, पण मिशा थरथरल्या आणि हात झटकन मागे गेला.

निरोगी माणसाचा एक्सरे मी कोणाच्या हट्टाखातर काढत नाही. पण हे मनगट निरोगी नव्हतं. वरच्या मजल्यावर आमचे हाडांचे डॉक्टर पाटणकर बसतात. त्यांना फोन लावला. ते म्हणाले, “मनगट वाकत नाही आणि दुखतं? मग विचारतेस काय, काढ एक्सरे.”

“माझ्याही शेजारी बिल्ले ठेवा,” दत्तारामभाऊ आत जाताना म्हणाले. “उगीच नंतर बोलाचाली नको. आणि लपवाछपवी नको. काय असेल ते सगळ्यांना दाखवा.”

एक्सरे स्क्रीनवर आला आणि मला काही गिरवावं लागलं नाही. काजूचे सरळ दोन तुकडे. मधे रुंद काळी फट. नव्या फ्रॅक्चरच्या कडा धारदार असतात, यांच्या घासून गुळगुळीत झाल्या होत्या, म्हणजे मोड फार जुनी. एक तुकडा चुन्यासारखा पांढरा पडला होता. तो उपाशी मेलेला. शेजारचा सांधाही झिजून गेला होता. मी स्क्रीन दाराकडे वळवला. सगळे दारात गोळा झाले. शेजारी सुनीलचा एक्सरे लावला. सांगायची गरजच पडली नाही, चव्हाणबाईसुद्धा म्हणाल्या, “अगं बाई, दोन तुकडे!”

“हे तेव्हाचं?” दत्तारामभाऊंनी विचारलं.

“तेव्हाचंच दिसतंय. पहिल्या दिवशी एक्सरे नॉर्मल आला असणार. सुनीलचा आलाय तसाच. नंतर कोणी परत काढला नाही.”

ते स्क्रीनकडे बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, “ती फायनल मी जिंकलो. त्याच्या पुढल्या वर्षापासून नेम जायला लागला. साधी सोंगटी जायची नाही. लोक म्हणाले, डोक्यात हवा गेली. मी पण तेच समजलो. बोर्ड सोडला. म्हणजे…” त्यांनी उजवं मनगट डाव्या हातात धरलं, “म्हणजे माझो नेम गेलो नव्हतो.”

दत्तारामभाऊंनी शर्टाच्या बाहीने नाक पुसलं आणि वळून विचारलं, “तेव्हा प्लास्टर घातलं असतं तर, मॅडम?”

“बहुतेक जुळलं असतं.”

ते सुनीलसमोर गेले. मला वाटलं आता काहीतरी हळवं बोलतील. ते ओरडले, “गाढवा! घाल प्लास्टर! आत्ताच्या आत्ता! वहिनी, ह्याला धरून वर न्या!”

“मग फायनल हरलो की आम्ही,” सुनील म्हणाला.

तेवढ्यात गायकवाडकाका खाकरले. असे खाकरले की सगळे आपोआप सरळ उभे राहिले. “एक मुद्दा आहे. नियमात कुठल्याही नोंदवलेल्या खेळाडूचं हाड असं म्हटलंय. कुठल्याही. दत्ताराम सावंत हे पिंपळवाल्यांचे नोंदवलेले राखीव खेळाडू आहेत. हाड मोडल्याचं एक्सरेने सिद्ध झालेलं आहे. बिल्लेही दिसतायत. फायनल पुढे ढकलण्यात येत आहे.”

मग जे झालं ते मी अजून माझ्या बहिणीला सांगते तेव्हा तिला खोटं वाटतं. विहीरवाले उड्या मारायला लागले, “दत्तारामभाऊंचं हाड मोडलंय! दत्तारामभाऊंचं हाड मोडलंय!” मघाशी ज्यांना एकही फ्रॅक्चर मान्य नव्हतं ते पिंपळवाले आता स्क्रीनला नाक लावून म्हणत होते की ही फट नाही, सावली आहे.

“पण ती जुनी मोड आहे!” एक पिंपळवाला ओरडला.

“कधी मोडलं असावं, याबद्दल नियमात काही नाही,” काका म्हणाले.

“भाऊ, तुम्ही सांगा ना! तुमचं काही मोडलेलं नाही म्हणून!”

“माझं हाड मोडलंय,” दत्तारामभाऊ ठणकावून म्हणाले. “एवढी वर्षं मोडलंय. कोणाला काय म्हणायचंय?”

संजना उठली. तिने पदराने डोळे पुसले, नवऱ्याचा डावा दंड धरला आणि त्याला जिन्याकडे घेऊन गेली. डॉक्टर पाटणकरांनी कोपराखालपासून अंगठ्यापर्यंत प्लास्टर घातलं. मी चव्हाणबाईंना सोनोग्राफीला घेतलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “आता थांबवत नाही, पण मजा आली.”

दहा-बारा दिवसांनी सुनीलचं प्लास्टर काढून परत एक्सरे काढला. दोन बिल्ले होतेच, आता कोणी मागितले नव्हते तरी रेश्माने सवयीने ठेवले. काजूच्या बरोबर मधे केसाएवढी काळी रेघ. मोडलेलं होतं. सरकलेलं नव्हतं, म्हणून परत प्लास्टर आणि वाट बघणं. काही आठवड्यांनी ते जुळलं. त्या दिवशी संजनाने मला केळफुलाची भाजी आणून दिली.

पण फायनल अडकली. नियमाप्रमाणे हाडाचा निकाल लागेपर्यंत ती होऊ शकत नव्हती आणि दत्तारामभाऊंचं हाड काही जुळणार नव्हतं. पिंपळवाले रोज त्यांच्या दारात. भाऊ, ऑपरेशन करून घ्या, ढाल गंजायला लागली. डॉक्टर पाटणकरांनी सांगितलं, एवढं जुनं हाड जोडता येत नाही. मेलेला काजू काढून टाकायचा आणि शेजारची हाडं एकमेकांना बांधून टाकायची. मनगट पूर्ण वाकणार नाही, पण दुखणं जाईल. भाऊ तयार झाले. फायनलसाठी म्हणाले, पण मला वाटतं दुखण्यासाठीच.

ऑपरेशन झाल्यावर गायकवाडकाका मला भेटायला आले. “मॅडम, पेच आहे. हाडच काढून टाकलं, तर त्याचा निकाल लागला म्हणायचं का?”

“काका, तुमच्या कोर्टात आरोपीच मेला तर काय करायचे?”

त्यांचा चेहरा उजळला. “खटला निकाली!” म्हणाले आणि तारीख देऊन मोकळे झाले.

फायनल झाली. सुनील हरला. हाड उत्तम होतं, नेम चुकला. दत्तारामभाऊंनी त्याला मिठी मारली आणि बजावलं की हरलास ते हरलास, आता हाडावर ढकलू नकोस.

नियमात एमआरआय हा शब्द घातला गेला. माझ्याही रिपोर्टमध्ये फरक पडला. फ्रॅक्चर दिसत नाही, या ओळीखाली आता मी कोरिलेशन वगैरे लिहून जेवायला जात नाही. खळग्यात दुखत असेल तर मोडलंय असं समजून प्लास्टर घाला आणि परत पाठवा, असं स्वच्छ लिहिते. मला दिसलं नाही म्हणजे नाहीच, असं नसतं. माझ्या धंद्यात एवढं शिकायला एक कॅरमची फायनल लागली.

दत्तारामभाऊ मात्र हाताबाहेर गेले आहेत. गल्लीत, बाजारात, देवळात कोणीही पडलं की ते धावतात आणि त्याच्या मनगटात बोट खुपसतात. ओरडला की सरळ आमच्याकडे. आठवड्याला एक-दोघं येतात आणि काउंटरवर सांगतात, “दत्तारामभाऊंनी पाठवलंय. त्यांनी दाबलं आणि मी ओरडलो.”

“ते ज्या जोराने दाबतात ना, मॅडम,” रेश्मा म्हणते, “कोणीपण ओरडेल.”

खरंच आहे. बहुतेकांचं काही मोडलेलं नसतं. तरी मी बाहेर येते, प्रत्येकाला अंगठा ताठ करायला सांगते आणि आधी स्वतः दाबून बघते. एक्सरे त्यानंतर.